काल कायदेशीर, आज गुन्हा, उद्या पुन्हा कायदेशीर: ब्रेस, बम्प स्टॉक आणि अमेरिकेतील बंदूकमालक

बहावा (ह्यूस्टन), धागाकर्ता

मे २०२१ मध्ये मी एक पिस्तूल विकत घेतले. ते एआर पद्धतीचे, म्हणजे एआर-१५ रायफलीच्या धर्तीचे, साडेदहा इंची नळीचे होते आणि त्याच्या मागच्या टोकाला ब्रेस बसवलेला होता. ब्रेस म्हणजे पट्ट्याने कोपराखालच्या हाताला बांधायचा रबरी आधार. २०१६ मधील अपघातानंतर माझे उजवे मनगट पूर्वीसारखे राहिलेले नाही आणि तीन किलोच्या आसपासचे हत्यार एका हाताने स्थिर धरणे मला त्या आधाराशिवाय जमत नाही. दुकानदाराने मला विश्वासाने सांगितले की या वस्तूला सरकारी पत्राचा आधार आहे, आणि ते खरेही होते. खरेदीला जेमतेम महिना होतो न होतो तोच, १० जून २०२१ रोजी, दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटके यांवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याने ब्रेसबाबतच्या नव्या नियमाचा मसुदा प्रसिद्ध केला. तेव्हापासून हा विषय माझ्या घरात आहे. या काळात इतर मालक कसे वागले हे मी जवळून पाहिले, आणि त्याबद्दल मराठीत कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्यानुसार सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल बाळगायची असेल तर तिची केंद्राकडे नोंदणी करावी लागते आणि दोनशे डॉलर कर भरावा लागत असे. हा आकडा १९३४ पासून नव्वद वर्षे तसाच राहिला. नोंदणीशिवाय असे हत्यार सापडले तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पिस्तुलाला मात्र ही अट नाही. त्यामुळे माझ्या हातातली वस्तू पिस्तूल की आखूड रायफल, हा सारा निवाडा एका प्रश्नावर येऊन ठेपतो: मागे बसवलेला तुकडा हाताला बांधायचा आधार आहे, की खांद्याला टेकवायचा दस्ता?

या प्रश्नाला त्याच खात्याने वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी उत्तरे दिली. एका माजी सैनिकाने अपंग साथीदाराला एका हाताने नेम धरता यावा म्हणून पहिला ब्रेस तयार केला, तेव्हा २०१२ मध्ये खात्याने लिहून दिले की याने पिस्तुलाची रायफल होत नाही. २०१५ मध्ये जाहीर पत्र निघाले की ब्रेस खांद्याला टेकवून गोळी झाडली तर हत्याराचे स्वरूप बदलते. २०१७ मध्ये ते मतही सौम्य झाले. ३१ जानेवारी २०२३ रोजी अंतिम नियम प्रसिद्ध झाला आणि त्याने बहुतेक ब्रेसधारी पिस्तुले आखूड रायफली ठरवली. मालकांना १२० दिवसांची, म्हणजे ३१ मे पर्यंतची मुदत मिळाली. तेवढ्यात करमाफीसह नोंदणी करायची, किंवा सोळा इंची नळी बसवायची, किंवा ब्रेस काढून तो पुन्हा बसवता येणार नाही असा नष्ट करायचा, किंवा हत्यार जमा करायचे, किंवा तेच नष्ट करायचे.

लोकांनी काय केले? देशात सुमारे ३० लाख ब्रेस असावेत असा खात्याचा अंदाज होता आणि संसदेच्या संशोधन सेवेने एक कोटी ते चार कोटी असा आकडा मांडला होता. नोंदणीचे अर्ज आले सुमारे २ लाख ५५ हजार. खात्याचाच आकडा धरला तरी बारांत एक. बाहेरून पाहणाऱ्याला ही बेदरकारी वाटेल. मी ज्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जातो तेथे मला जे दिसले ते वेगळे होते. तेथील माणसे मुदतीच्या तारखा पाठ म्हणून दाखवत, नियमाची पाने छापून आणत आणि त्यातील वाक्यांवर तास तास बोलत. एकाने सोळा इंची नळीचा वरचा भाग विकत घेतला. दुसऱ्याने ब्रेस काढून कपाटात ठेवला आणि मग अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला आठवले की नुसता काढून ठेवणे पुरेसे नाही. सगळ्यात जास्त जण न्यायालयाकडे डोळे लावून बसले होते. कारण २३ मे रोजी पाचव्या अपील न्यायालयाने एका दाव्यातील वादींपुरती नियमाला स्थगिती दिली आणि तीन दिवसांनी खुलासा केला की वादी संघटनेच्या सदस्यांनाही ती लागू आहे. मग मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात माझ्या ओळखीतली कितीतरी माणसे संघटनांची वर्गणी भरू लागली. सदस्यत्वाची पावती घडी करून पिस्तुलाच्या पेटीत ठेवलेली मी पाहिली आहे.

ज्याने कायदा पाळण्यासाठी सरकारचे पत्र वाचून वस्तू घेतली, त्याला त्याच सरकारने ‘आमचे आधीचे वाचन चुकले होते’ असे सांगितले की त्याचा पुढच्या पत्रावरचा विश्वासही उडतो, असे माझे मत झाले आहे. नोंदणीचा आकडा इतका लहान राहिला याचे मुख्य कारण मला हेच वाटते.

मी स्वतः ब्रेस कापून टाकला. त्याचे कारण माझ्या नागरिकत्वाशी संबंधित आहे. ते पुढच्या प्रतिसादात लिहितो. १३ जून २०२४ रोजी टेक्सासमधील केंद्रीय न्यायाधीश रीड ओ’कॉनर यांनी तो नियमच रद्द केला, म्हणजे मी कापलेला सव्वाशे डॉलरचा तुकडा पुन्हा कायदेशीर झाला. दुसऱ्याच दिवशी, १४ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने बम्प स्टॉकवरील (लागोपाठ वेगाने गोळ्या झाडू देणाऱ्या दस्त्यावरील) केंद्रीय बंदीही सहा विरुद्ध तीन मतांनी उठवली.

येथील सदस्यांपैकी कोणी अशा बदलांतून गेले असेल तर आपण काय केले आणि का केले, हे कृपया लिहावे.

करवंद (पेनसिल्व्हेनिया)

बहावा, लेख प्रामाणिक आहे, पण मी त्या बारांतला एक आहे, म्हणून माझी बाजू मांडतो.

मी एप्रिल २०२३ मध्ये अर्ज केला. छायाचित्र, बोटांचे ठसे, हत्याराचा अनुक्रमांक हे सगळे पाठवले. रेंजवरच्या मित्रांनी मला मूर्खात काढले. त्यांचे म्हणणे असे की अर्ज म्हणजे ‘माझ्याकडे बेनोंद आखूड रायफल आहे’ अशी आपल्याच हस्ताक्षरातली कबुली, आणि अर्ज फेटाळला गेला तर ती कबुली कोठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण मला दोन मुले आहेत, नोकरीत दर काही वर्षांनी पार्श्वभूमी तपासली जाते, आणि न्यायालय काय ठरवील याच्या भरवशावर मी घरात असे हत्यार ठेवू शकत नव्हतो.

मंजुरी आली आणि पुढे वर्षभराने नियम रद्द झाला. आता माझे हत्यार कागदोपत्री आखूड रायफल आहे आणि शेजाऱ्याचे तसेच हत्यार पिस्तूल आहे. तो ते गाडीत ठेवून सहज ओहायोत जातो. मला राज्याची सीमा ओलांडण्यापूर्वी खात्याचा अर्ज भरून लेखी परवानगी घ्यावी लागते. ज्याने मुदत पाळली त्याच्यावर बंधने जास्त आणि ज्याने दुर्लक्ष केले तो मोकळा, ही गोष्ट मला मनापासून लागली आहे. तरीही पुन्हा तसा प्रसंग आला तर मी अर्जच करीन.

सांजवात (लास व्हेगास)

या धाग्यावर लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

मी येथे परिचारिका आहे. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री येथील संगीत महोत्सवावर गोळीबार झाला, तेव्हा मी कामावर होते. त्या रात्रीबद्दल मी कोणाशी फारसे बोलत नाही आणि येथेही तपशील लिहिणार नाही. एवढेच सांगते की माणसे मालवाहू टेम्पोंच्या मागच्या हौद्यांत घालून आणली जात होती, कारण रुग्णवाहिका पुरत नव्हत्या. गोळीबार करणाऱ्या माणसाने हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. तेव्हा ५८ जण दगावले आणि पुढे जखमांमुळे आणखी दोघांचा मृत्यू त्या संख्येत धरला गेला.

बंदूकमालक अशा वस्तूंना ‘ॲक्सेसरी’, म्हणजे जोडवस्तू, म्हणतात तेव्हा तो खिडकीच्या पडद्यासारखा निरुपद्रवी वाटतो. त्या माणसाने बंदुकांना लावलेला बम्प स्टॉक हीसुद्धा ॲक्सेसरीच होती. बंदुकीचा धक्का वापरून ती बंदूक मागेपुढे सरकवत राहते आणि बोट जागेवर ठेवले तरी चाप पुन्हा पुन्हा त्यावर आपटतो. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रत्येक गोळीला चापाची एक स्वतंत्र क्रिया होते, म्हणून ती केंद्रीय कायद्याने निर्बंध घातलेली मशीनगन नव्हे. न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालात चापाच्या यंत्रणेच्या आकृत्या दिलेल्या आहेत. मी त्या पाहिल्या. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात विचारले की बदकासारखे चालणाऱ्या, पोहणाऱ्या आणि ओरडणाऱ्या पक्ष्याला बदक का म्हणू नये. मी कायद्याची जाणकार नाही, पण त्या रात्री आलेल्या जखमींना आकृतीतला फरक सांगता आला नसता.

मालकांची अडचण मला समजते. आधी परवानगी देऊन नंतर गुन्हा ठरवणे चूकच आहे. मात्र चूक खात्याच्या परवानगी देणाऱ्या पहिल्या पत्रात झाली होती, हेही कोणीतरी म्हणायला हवे.

बहावा

सांजवात, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी बम्प स्टॉकच्या बाबतीत सहमत आहे. २०१० मध्ये खात्याने ती वस्तू मशीनगन नाही असे लिहून दिले नसते, तर पुढच्या आठ वर्षांत ती लाखोंच्या संख्येने विकली गेली नसती. सरकारचाच अंदाज २ लाख ८० हजार ते ५ लाख २० हजार असा होता.

पण मालकांच्या प्रतिसादाविषयी एक गोष्ट सहसा नीट सांगितली जात नाही. बम्प स्टॉकच्या बंदीला बंदूकमालकांतून सुरुवातीला फारसा विरोध झाला नाही. त्या घटनेनंतर चारच दिवसांनी नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या मोठ्या संघटनेनेही या वस्तूंवर अधिक बंधने असावीत असे निवेदन काढले होते. माझ्या ओळखीच्या कोणाकडेही ती नव्हती. रेंजवर तिच्याकडे गोळ्या वाया घालवण्याचे खेळणे म्हणूनच पाहिले जाई, आणि तिने नेम बिघडतो हे सर्वांना माहीत होते. अंतिम नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला, २६ मार्च २०१९ पासून लागू झाला. वस्तू नष्ट करा किंवा जमा करा, भरपाई नाही. फोर्ट वर्थमधील एका विक्रेत्याने आपल्याकडचे सुमारे साठ हजार नग खात्याच्या देखरेखीखाली भंगार कारखान्यात चुरडून घेतले. ऑस्टिनमधील दुकानदार मायकल कारगिल यांनी आपल्याकडचे दोन नग निषेध नोंदवून जमा केले आणि दुसऱ्या बाजूने दावा दाखल केला. तोच दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आधी आज्ञा पाळून मग तिला आव्हान द्यायचे, हा मार्ग मला सर्वांत सभ्य वाटतो, कारण त्यात आपल्या स्वातंत्र्याचा जुगार खेळावा लागत नाही.

न्यायमूर्ती ॲलिटो यांनी त्याच निकालाला जोडलेल्या स्वतंत्र मतात म्हटले आहे की संसदेला कायदा बदलता येईल. खात्याने पत्राने नियम फिरवण्यापेक्षा लोकप्रतिनिधींनी मत देऊन वस्तूवर बंदी घालावी, एवढीच अपेक्षा माझ्या ओळखीचे अनेक मालक बाळगतात. ती पुरी झाली तर तेही मानतील असे मला वाटते, निदान मी तरी मानीन.

सांजवात

संसदेने तसे केलेले नाही आणि नजीकच्या काळात करील असे दिसत नाही. म्हणून आमच्या नेवाडा राज्याने २०१९ मध्ये स्वतःचा कायदा केला. केंद्रीय बंदी उठली तरी तो उभा आहे, कारण तो विधिमंडळाने मंजूर केलेला आहे. तुम्ही मागता तोच मार्ग.

खडीसाखर (सॅन होजे)

आमच्याकडचा अनुभव आठवड्याच्या हिशेबात मोजण्यासारखा आहे.

कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन (बंदुकीत बसणारी गोळ्यांची पेटी) विकायला २००० सालापासून बंदी आहे, पण ज्यांच्याकडे आधीपासून होत्या त्यांना त्या ठेवता येत. २०१६ मध्ये मतदारांनी एका प्रस्तावाला कौल दिला आणि त्यातून जुन्या मॅगझिन बाळगण्यावरही बंदी आली. २९ मार्च २०१९ रोजी सॅन डिएगोचे न्यायाधीश रॉजर बेनितेझ यांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला. निकालाला स्थगिती येण्यापूर्वीचा तो काळ, ५ एप्रिलच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंतचा, येथील मालकांत ‘स्वातंत्र्याचा आठवडा’ म्हणून ओळखला जातो.

त्या दिवसांत मी घरी बसून संकेतस्थळे उघडत होते आणि ती एकामागून एक बंद पडत होती. वीस वर्षे कॅलिफोर्नियात माल न पाठवणारे इतर राज्यांतले विक्रेते रात्रंदिवस पेट्या भरत होते. माझ्या नवऱ्याने चार मॅगझिन मागवल्या. आम्हाला त्यांची गरज होती का? खरे सांगायचे तर नव्हती. दार पुन्हा बंद होणार आहे हे माहीत असले की माणूस गरजेपेक्षा जास्त आत घेतो. बंदीची चाहूल लागली की तीच वस्तू सर्वाधिक खपते, हे कायदा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे असे मला तळमळीने वाटते.

त्या आठवड्यात कायदेशीरपणे घेतलेल्या मॅगझिन बाळगण्याला न्यायालयाच्या आदेशाने संरक्षण राहिले, पण प्रश्न पुराव्याचा होता. मॅगझिनवर अनुक्रमांक नसतो. म्हणून आम्ही पावती, बँकेची नोंद आणि टपालाचा शिक्का एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. मार्च २०२५ मध्ये नवव्या अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून ती पिशवी मी अधिक सांभाळते.

नवा_पाहुणा (डॅलस)

माफ करा, प्रश्न थोडा वेगळा आहे. मी एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आहे. कार्यालयातील सहकारी मला रेंजवर बोलावतात आणि भाड्याने बंदूक मिळते असे सांगतात. त्यात काही अडचण आहे का?

बहावा

नवा_पाहुणा, प्रश्न वेगळा नाही. माझ्या कापलेल्या ब्रेसचे कारण येथेच येते.

स्थलांतरित नसलेल्या व्हिसावरील व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक तासभर हातात धरणे हेही बाळगणेच समजले जाते. त्याला काही अपवाद आहेत. त्यांतला नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे. टेक्सासमध्ये अनेक जण त्यासाठीच शिकार परवाना काढतात. तुम्ही स्वतःच्या स्थलांतर वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका. सहकारी नागरिक असल्याने त्यांना हा नियम माहीतच नसतो आणि ते चांगल्या मनाने बोलावतात.

माझ्याकडे मार्च २०२१ पासून ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे बंदूक बाळगण्याचा मला हक्क आहे. पण नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यात एक फरक आहे आणि तो बंदुकीच्या दुकानात कोणी सांगत नाही. स्थलांतर कायद्यात देशाबाहेर काढण्याच्या कारणांमध्ये शस्त्रविषयक गुन्ह्याचे स्वतंत्र कलम आहे. केंद्रीय व्याख्येनुसार बंदूक ठरणारे कोणतेही शस्त्र, सुटा भाग किंवा ॲक्सेसरी बेकायदा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेला परदेशी नागरिक हद्दपारीस पात्र होतो. सायलेन्सर हा त्या व्याख्येत बंदूकच मानला जातो. करवंद यांच्यासारख्या नागरिकाला वाईटात वाईट म्हणजे तुरुंग. मला तुरुंग भोगून झाल्यावर विमान. पत्नी येथे, मुलगी येथे शाळेत, आणि मी नाशिकला.

मी वकिलांकडे नियमाचे कागद घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तासाभराचे पैसे घेऊन एकच वाक्य सांगितले: तुमच्या परिस्थितीत वादाची बाजू घेऊ नका. मी २७ मे २०२३ रोजी गॅरेजमध्ये करवतीने त्या रबराचे चार तुकडे केले, त्यांचे छायाचित्र घेतले आणि तारखेसह जपून ठेवले. ज्या माणसासाठी ब्रेस बनवला गेला त्या प्रकारातला मी होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

माणकाठ (सातारा)

मी अमेरिकेत कधी गेलेलो नाही, पण मुदतीची तारीख डोक्यावर टांगलेली असणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

आमच्या घरात शेतीच्या राखणीसाठी आजोबांपासूनचा परवाना आहे. त्यावर तीन बंदुका होत्या: दोन बारा बोरच्या आणि एक जुनी रायफल. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले. मूळ विधेयकात तर एकच होती. खासदारांनी ओरड केल्यावर दोन झाल्या. जास्तीची बंदूक वर्षाच्या आत, म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती.

येथे कोणी न्यायालयात गेले नाही आणि कोणी संघटनेचे सदस्य झाले नाही. आमच्याकडे निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, त्यामुळे बंदूक आपली असली तरी सरकारच्या मर्जीने आपल्याकडे आहे हे अंगवळणी पडले आहे. वडिलांनी आजोबांची बंदूक निवडून ठेवली आणि रायफल विक्रेत्याकडे दिली. टाळेबंदीचे वर्ष होते, भाव मिळालाच नाही. परतताना एसटीत ते एक शब्दही बोलले नाहीत. बंदुकीचे वंगण लावायचे फडके मात्र अजून खुंटीवर आहे.

फरक एवढाच जाणवतो की आमच्याकडे संसदेने कायदा केला, मुदत दिली आणि नंतर तो फिरवला नाही. ज्याने दिली त्याची गेली, पण शेजाऱ्याचीही गेली. करवंद यांना जी खंत आहे ती आम्हाला नाही.

दक्षिणवारा (हॅमिल्टन, न्यूझीलंड)

माणकाठ यांनी भावाचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

१५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसे मारली गेली, आणि महिन्याच्या आत आमच्या संसदेने ११९ विरुद्ध एक मताने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुका, मोठ्या मॅगझिन आणि त्यांचे सुटे भाग यांवर बंदी घातली. मग सरकारने भरपाई देऊन त्या परत घेतल्या. घोड्यांच्या शर्यतीची मैदाने, क्रीडामंडळांची सभागृहे येथे पोलीस टेबले मांडून बसत. बंदुकीची अवस्था पाहून मूळ किमतीच्या ९५, ७० किंवा २५ टक्के रक्कम थेट बँक खात्यात जमा होई. २० डिसेंबरच्या मुदतीपर्यंत सुमारे ५६ हजार बंदुका आणि १ लाख ८८ हजारांहून अधिक भाग जमा झाले.

ज्या दुग्धशाळेवर मी काम करतो तिचे मालक सशांसाठी आणि पॉसम या उपद्रवी प्राण्यांसाठी बंदूक वापरतात. ते त्या रांगेत उभे राहिले तेव्हा मी सोबत होतो. रांगेत राग होता. लोकांचे म्हणणे होते की दुसऱ्याच्या पापाची किंमत आम्ही देत आहोत, काही जण भरपाईच्या दरावरून वाद घालत होते, आणि एक वृद्ध गृहस्थ आपली बंदूक टेबलावर ठेवताना डोळे पुसत होते. यंत्रात तिची नळी वाकवली गेली तेव्हा त्यांनी मान वळवली. पण पैसे मिळाल्याने निदान आपल्याला चोर ठरवलेले नाही, असे आमचे मालक घरी येताना म्हणाले. किती बंदुका मागे राहिल्या हे मोजण्याचा मार्ग नव्हता, कारण बहुसंख्य बंदुकांची तेव्हा स्वतंत्र नोंदच नसे, आणि म्हणून ही योजना यशस्वी झाली की नाही यावर येथे अजून वाद चालतो.

अमेरिकेत बम्प स्टॉकची भरपाई का दिली नाही?

बहावा

दक्षिणवारा, सरकारची भूमिका अशी होती की कायदा १९३४ पासून तोच आहे आणि आम्ही फक्त त्याचा अर्थ स्पष्ट करत आहोत. त्यामुळे ती वस्तू मुळातच बेकायदा होती आणि बेकायदा वस्तूची भरपाई देता येत नाही. हे वाचताना मला सर्वांत जास्त राग आला होता. आठ वर्षे स्वतःच्या पत्राने विकू दिलेली वस्तू पहिल्या दिवसापासून गुन्हा होती असे म्हणणे आणि आज आम्ही बंदी घालत आहोत असे म्हणणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तुमच्या मालकांना जे वाटले नाही ते येथे लाखो लोकांना वाटले.

ब्रेसच्या मसुद्यावर २ लाख ३७ हजारांहून अधिक लोकांनी लेखी मते पाठवली होती. त्यात माझे दीड पानही आहे. मसुद्यात गुण मोजण्याचा एक तक्ता होता: वजन किती, लांबी किती, मागच्या तुकड्याचा पृष्ठभाग किती, असे गुण देऊन चार झाले की रायफल. मी तीन संध्याकाळी खपून त्या तक्त्यातले दोष दाखवले. अंतिम नियमात तो तक्ताच नव्हता. त्याच्या जागी सहा मोघम निकष आले, आणि त्यांतील एक असा की समाजात ते हत्यार प्रत्यक्षात कसे वापरले जाण्याची शक्यता आहे. म्हणजे एखाद्या अनोळखी माणसाने चित्रफितीत आपला ब्रेस खांद्याला टेकवला, तर त्यावरून माझे पिस्तूल काय आहे ते ठरू शकत होते. पाचव्या अपील न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले: लोकांना एक मसुदा दाखवून दुसराच नियम करता येत नाही. माझी दीड पाने वाया गेली नाहीत असे मला त्या दिवशी प्रथमच वाटले.

करवंद

आता पुढचे पाहू. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने सायलेन्सर आणि आखूड रायफली यांवरील दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला आहे. नोंदणी मात्र कायम आहे. आता विनाशुल्क नोंदणी करून ब्रेसऐवजी सरळ दस्ताच बसवावा, म्हणजे पुढे कोणी ब्रेसचा अर्थ फिरवला तरी फरक पडणार नाही, असे मी मित्रांना सांगतो आहे. ज्यांनी २०२३ मध्ये मला हसून घेतले होते, तेच आता अर्ज कसा भरायचा ते विचारतात.

खडीसाखर

पण कर नसेल तर नोंदणी कशाच्या आधारावर, असा प्रश्न विचारणारे दावे दाखल झाले आहेत ना? १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला तो कर वसूल करण्याच्या अधिकारावर. उद्या नोंदणीच रद्द झाली तर आज केलेली नोंद अंगावर तशीच राहील का?

बहावा

हे दावे कोठवर जातील यावर मी काही अंदाज बांधणार नाही. दोनदा हात पोळले आहेत. नागरिक असतो तर करवंद यांचा सल्ला मी आज मानला असता. अर्ज करणाऱ्याला त्या हत्याराचा निर्माता समजतात, म्हणून हत्यारावर आपले नाव आणि गाव कोरून घ्यावे लागते, आणि मंजुरी हाती येण्यापूर्वी दस्ता बसवायचा नाही, एवढे मात्र मित्रांना आवर्जून सांगा. मंजुरीपूर्वी बसवला तर शून्य कर असूनही गुन्हा जुनाच राहतो.

मी डिसेंबरमध्ये नागरिकत्वाचा अर्ज दाखल केला आहे आणि मुलाखतीची वाट पाहत आहे. तोपर्यंत पिस्तूल ब्रेसशिवायच राहील. दुकानात ब्रेस पुन्हा मिळतो, किंमतही तीच आहे, तरी मी आणलेला नाही. सध्या रेंजवर मी वाळूच्या पिशवीवर हात टेकवून नेम धरतो. मनगट पंधरा-वीस फैरींनंतर दुखू लागते, मग थांबतो. चार तुकड्यांचे ते छायाचित्र, खरेदीची पावती आणि वकिलांचे पत्र मी मुलाखतीच्या फायलीत सर्वांत मागे लावले आहे.